चित्रांचं माहेरपण

दिवाळीत लोकांची घरं भरतात. लेकी येतात, जावई येतात, अंगणात चपलांचा ढीग पडतो. आमचे शेजारी मनोहरभाऊ खापरे यांचं घर मात्र नेमकं त्याच दिवसांत रिकामं व्हायचं. धनत्रयोदशीच्या आधी त्यांच्या दारात सायकलरिक्षा उभी राहायची आणि मनोहरभाऊ भिंतीवरची चित्रं एकेक करून उतरवून, धुतलेल्या चादरीत गुंडाळून, ज्याने ज्याने काढली त्याच्या त्याच्या घरी पोचवून यायचे. घरात उरायचे ते खिळे, खिळ्यांखाली चुन्याचे स्वच्छ चौकोन आणि त्या चौकोनांच्या मध्ये एकटे बसून चकली खाणारे मनोहरभाऊ.

"सुना माहेरी गेल्या गा," ते मला सांगायचे. "घर खायले उठते. पण जमते, जमते!"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी घरात जाऊन पोट धरून हसलो होतो. त्या हसण्याची मला पुढे लाज वाटली. पण ते नंतर.

रविनगरच्या सरकारी क्वार्टरांत आमची भिंत एक होती आणि कचेरीही एकच. मनोहरभाऊ आवक-जावक सांभाळायचे. कागदावर शिक्का मारण्यापूर्वी त्यावर फुंकर घालायचे, जणू तो कागद भाजला आहे. पण त्यांची खरी ओळख वेगळी होती. ते लग्नं जमवायचे. फुकट. वर्धेपासून भंडाऱ्यापर्यंत कोणाची पोरगी कितवी शिकली, कोणाचा पोरगा कुठे चिकटला, हे त्यांना तोंडपाठ. मुलाचं नाक पाहून ते मुलीच्या वडलांचा स्वभाव ओळखायचे, असं लोक म्हणत. कुठे काही अडलं की मनोहरभाऊ दोन्ही हात वर करून म्हणायचे, "जमते!" आणि खरंच जमायचं. त्यांच्या स्वतःच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ते बोलत नसत आणि विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

अशा माणसाने पन्नाशीला आल्यावर चित्रं जमवायला सुरुवात केली. चित्रकलेतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना एकच गोष्ट नीट येत होती, ती म्हणजे मुलगी पाहायला जाणं. मग चित्रंही त्यांनी त्याच रीतीने जमवली.

त्याचं असं झालं. महालातल्या एका गल्लीत लीलाबाई ठवरे म्हणून विधवा बाई राहत. त्यांची मुलगी कुसुम चित्रकलेच्या कॉलेजात शिकायची. मनोहरभाऊ तिच्यासाठी एक स्थळ घेऊन गेले. मुलाच्या मामांनी विचारलं, "शिवणटिपण येते का?" कुसुम म्हणाली, "फाटलं तर येते." तिथेच ते स्थळ गेलं. एरवी अशा वेळी मनोहरभाऊ मध्ये पडून सांभाळून घ्यायचे. त्या दिवशी ते गप्प होते. खोलीत ट्रंकेच्या वरच्या बाजूला कुसुमचं एक चित्र लावलेलं होतं आणि आल्यापासून ते तिकडेच पाहत बसले होते. मंडळी उठली तेव्हा त्यांच्या हातातला चहा तसाच होता. त्यावर साय धरली होती.

पुढच्या रविवारी ते काळा कोट घालून, टोपी चढवून माझ्या दारात उभे.

"चल, पाहायले जायचं आहे."

"मुलगी?"

"चित्र."

"चित्र पाहायला मी कशाला?"

"एकटा माणूस पाहायले जात असते काय? आपल्याकडचं कोणी नको?"

लीलाबाईंनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, मुलाकडच्यांनी होकार कळवला. घाईघाईने त्यांनी पोहे टाकले. मनोहरभाऊंनी पोहे खाल्ले, पाणी प्यायलं, रुमालाने मिशा पुसल्या आणि मग म्हणाले, "बाई, ते लोक गेले. त्यांचं नशीब. मी याच्यासाठी आलो." आणि त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

तेव्हा मी ते चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं. मे महिन्यातली दुपार. खिडकीला वाळ्याची ताटी लावलेली, नुकतंच पाणी मारलेली. खोली काळपट हिरवी, विहिरीच्या तळासारखी. ताटीच्या फटींतून उन्हाचे बारीक दाणे आत गळताहेत. आणि खाली फरशीवर कोणीतरी झोपलेलं. चित्रात येतात ती फक्त पावलं. टाचांना भेगा पडलेल्या, एक पाऊल दुसऱ्यावर टाकलेलं. बस, एवढंच. नागपुरात जन्म काढलेल्या माणसाला त्या चित्रापुढे आपोआप मोठा श्वास घ्यावासा वाटायचा.

मनोहरभाऊंनी चौकशी सुरू केली. त्यांना दुसरे प्रश्न येतच नव्हते.

"जन्म कधीचा?"

कुसुमने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. "मागच्या वैशाखातला," ती म्हणाली.

"याआधी कोणाले दाखवलं होतं?"

"कॉलेजच्या प्रदर्शनात. नापसंत झालं. सर म्हणाले, अंधार फार आहे."

"अंधार?" मनोहरभाऊ उठून चित्राजवळ गेले. "अंधार कुठं आहे यात? हा तर थंडावा आहे."

इतका वेळ ओठ दाबून हसणारी कुसुम एकदम थांबली. तिने पदर सारखा केला आणि खाली बसली.

"हे पाय कोणाचे?" मी विचारलं.

"आईचे."

"काहीतरीच बोलून राहिली!" लीलाबाई म्हणाल्या. "मले दुपारची झोप कुठली? दुपारी पापड कोण लाटते मग?"

"म्हणूनच तं काढले," कुसुम म्हणाली.

मग मनोहरभाऊंनी घसा साफ करून विचारलं, "आता देण्याघेण्याचं काय?" आणि लीलाबाई घाबरल्या. "भाऊ, आमच्याकडं द्यायले काय आहे? चित्रासंगं आणखी काय देऊ?" त्यांना समजावून सांगायला बराच वेळ लागला की इथे रीत उलटी आहे, नेणाऱ्याने द्यायचं असतं. हे कळल्यावर त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "असं काहून नाही होत वं लग्नातबी?" त्या लेकीला म्हणाल्या.

कुसुमनेही संधी सोडली नाही. "माझी एक अट आहे. पहिलं लेकरू आहे माझं. दिवाळीले माहेरी पाठवा लागन."

ती थट्टा करत होती. मला दिसत होतं. मनोहरभाऊंना दिसलं नाही. त्यांनी कप खाली ठेवला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "पाठवीन. शब्द देतो."

चित्र रिक्षातून घरी आलं तेव्हा त्यांनी ते उंबऱ्याबाहेर थांबवून ठेवलं आणि माझ्या बायकोला हाक मारली. "वहिनी, जरा भाकरतुकडा ओवाळून टाका. घरात बाईमाणूस नाही."

"अहो, फ्रेमवर पाणी उडेल!"

"तं उडू द्या. वाळ्यालेच लागन ते."

माझ्या बायकोने भाकरतुकडा ओवाळला. समोरच्या क्वार्टरमधले जोशी गॅलरीतून पाहत होते. दुसऱ्या दिवशी अर्ध्या कचेरीला कळलं की खापऱ्यांनी दुसरं लग्न केलं.

आणि मग हे वेड वाढत गेलं. मनोहरभाऊ रविवारी कोट घालून निघायचे, मी त्यांच्या मागे. चित्र काढणाऱ्याच्या घरी बसल्याशिवाय, त्याच्या घरचं काही खाल्ल्याशिवाय ते चित्र घ्यायचे नाहीत. "खानदान पाहा लागते," ते म्हणायचे. चित्र चांगलं की वाईट, याची त्यांची परीक्षा एकच होती. समोर बसावं, हातात चहा घ्यावा. चहा गरम असतानाच पिऊन झाला तर चित्र नाही. गार झाला तर "जमते!" मी पुढे मोठमोठ्या लोकांची चित्रांवरची भाषणं ऐकली आहेत. याहून सरळ कसोटी मला कुणी सांगितलेली नाही.

सिनेमाचे बोर्ड रंगवणारे गुलाबराव म्हणून एक गृहस्थ होते. त्यांच्याकडे एका बोर्डाचा उरलेला तुकडा कोपऱ्यात पडला होता. नटीचा एक डोळा आणि अर्धं नाक, माणसाच्या उंचीएवढं. मनोहरभाऊंचा चहा गार झाला. तो डोळा त्यांनी स्वयंपाकघरात लावला, कारण दुसरीकडे मावत नव्हता. माझी बायको साखर मागायला गेली की पाठमोरी उभी राहून मागायची.

दिवाळीत तो डोळा रिक्षात उभा करून आम्ही गुलाबरावांकडे नेला. रस्त्यावरची पोरं शिट्ट्या मारत मागे धावत होती. गुलाबराव दारातच ओरडले, "परत काहून आणलं? खराब निघालं काय?"

"माहेरपणाले आणलं," मनोहरभाऊ म्हणाले. "भाऊबीज झाली की घेऊन जातो."

गुलाबरावांनी आधी माझ्याकडे पाहिलं, यांचं डोकं ठिकाणावर आहे ना अशा नजरेने. मग त्यांनी तो तुकडा भिंतीला टेकवला आणि बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. "साहेब," ते म्हणाले, "माझं काम दर आठवड्याले पुसल्या जाते. नवीन पिक्चर लागला की जुन्यावर चुना. एवढे बोर्ड रंगवले, पण परत आलेलं हे पहिलंच." माझं हसणं संपलं ते तिथे.

चित्रकलेच्या एका मास्तरांच्या बायकोने मात्र आम्हाला दारातच अडवलं होतं. "अहो, घरात जागा नाही म्हणून तर विकलं!" त्या म्हणाल्या. मनोहरभाऊ नम्रपणे म्हणाले, "फक्त चार दिवस, बाई. कोपऱ्यात राहील." आणि जाताना फराळाचा डबाही ठेवून आले. पुढच्या वर्षी त्याच बाई फाटकात वाट पाहत उभ्या होत्या. मास्तर म्हणाले, "सकाळपासून तीन वेळा विचारलं, अजून आलं कसं नाही म्हणून."

पण मनोहरभाऊंचा जीव होता तो पहिल्या चित्रात. उन्हाळ्यात आमच्या क्वार्टरांची छपरं तापून खोलीत बसवत नसे. मनोहरभाऊ भर दुपारी कूलर बंद करून बनियनवर त्या वाळ्याच्या ताटीपुढे बसलेले असायचे.

"कूलर का बंद केला?"

"त्याच्या आवाजात हे ऐकू येत नाही."

"काय ऐकू येत नाही?"

"बस. गप्प बस. पाणी ठिबकून राहिलं."

मी बसायचो. चेष्टेने बसायचो, पण बसायचो. आणि थोड्या वेळाने, खोटं सांगत नाही, मला वाळ्याचा वास यायचा. ती भेगाळलेली पावलं इतकी गाढ झोपलेली असायची की आपण आवाज करू नये असं वाटायचं. आम्ही दोघे कचेरीतले कारकून, रंगातलं आणि रेषेतलं काही न कळणारे, कुजबुजत बोलायचो. मी देवळातही इतका गप्प बसलेलो नाही.

कुसुमचं लग्नही मनोहरभाऊंनीच जमवलं. मुलगा भिलाईला नोकरीला, घर चांगलं, माणसं चांगली. आणि खरोखरच चांगली होती, कुणाला नाव ठेवायला जागा नाही. पहिल्या दिवाळीला जावई-मुलगी आले. मग सासूला अर्धांगवायू झाला आणि घरात करणारी कुसुम एकटी. पुढची दिवाळी ती येऊ शकली नाही. त्याच्या पुढचीही नाही. लीलाबाईंनी मनोहरभाऊंना कधी शब्दाने दुखावलं नाही. पण रस्त्यात भेटल्या की मनोहरभाऊच आधी खाली पाहायचे.

कुसुम न आलेल्या त्या दुसऱ्या दिवाळीला आम्ही चित्र घेऊन महालात गेलो. लीलाबाईंनी दारातच त्याच्यावरून पाणी ओवाळून टाकलं. "ही तरी आली," त्या म्हणाल्या.

भाऊबीज झाल्यावर आम्ही न्यायला गेलो. "भाऊ, आणखी चार दिस राहू द्या ना," लीलाबाई म्हणाल्या. मनोहरभाऊ लगेच म्हणाले, "राहू द्या, राहू द्या." बाकीच्या सगळ्या सुना परत आल्या. स्वयंपाकघरात डोळा पुन्हा वटारून पाहू लागला. पण बाहेरच्या खोलीतला तो खिळा रिकामाच. कार्तिक पौर्णिमेला गेलो, पुन्हा चार दिवस. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलो, पुन्हा तेच. मनोहरभाऊंना करमेनासं झालं. संध्याकाळी ते खुर्ची त्या भिंतीकडे तोंड करून ठेवायचे, मग आपल्याच लक्षात आल्यासारखी फिरवून दाराकडे करायचे. चहा गरम गरम पिऊन टाकायचे.

मला राग यायचा. "तुम्ही विकत घेतलंय ते," मी म्हणालो. "बाई आता परत देणार नाहीत. स्पष्ट मागा."

"माहेरी आहे गा ते."

"चित्र आहे, मनोहरभाऊ! सून नाही. तुम्हाला हवंय ना?"

त्यांनी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. "हवं तं आहे," ते म्हणाले. "लय हवं आहे. ऊन तापायले लागलं. त्याच्याबिगर उन्हाळा कसा काढू?"

होळी होऊन गेल्यावर एका रविवारी मीच रिक्षा बोलावली. मनोहरभाऊंनी धुतलेली चादर घडी करून मांडीवर घेतली होती. वाटेत ते एकदाच बोलले, "सरळ मागतो. तू म्हणतो ते बरोबर आहे."

मागायची वेळच आली नाही. लीलाबाईंनी चित्र आधीच उतरवून ठेवलं होतं. नव्या खणात गुंडाळलेलं, वर हळदकुंकू लावलेलं. शेजारी पापडांची पिशवी. त्या भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या आणि त्यांचा एक हात त्या गाठोड्यावर होता.

"तुम्ही येसान हे माहीत होतं," त्या म्हणाल्या. "न्या आता. लोकाची चीज किती दिस ठेवू? काय झालं माहीत आहे का भाऊ, दुपारी याच्यासमोर जरा पडायची सवय लागली. पोरीनं झोपवून ठेवलं आहे ना मले. म्हटलं, तिचं ऐकावं." त्या हसल्या. "आता काय, उन्हाळ्याचे पापड बी लाटाचेच आहेत."

त्यांनी हात उचलला नाही.

मी मनोहरभाऊंकडे पाहिलं. ते त्या हाताकडे पाहत होते. मांडीवरची चादर त्यांनी हळूच मागे सरकवली, माझ्या बाजूला.

"न्यायले कोण आलं?" ते म्हणाले. "आम्ही तं चहा प्यायले आलो. काय गा?"

"हो," मी म्हणालो. माझ्या तोंडून दुसरं काय निघणार?

त्यांनी स्वतः खण सोडला. चित्र उचलून पुन्हा त्याच खिळ्याला अडकवलं, मागे सरून पाहिलं, डावी बाजू केसभर वर केली. आम्ही चहा घेतला. त्यांचा गार झाला. लीलाबाईंनी पापडांची पिशवी तेवढी जबरदस्तीने आमच्या हातात दिली.

परतताना रिक्षा रिकामी रिकामी वाटत होती. मी तरीही बोललोच. "मनोहरभाऊ, आता ते कधी येणार?"

"ते येईन तवा येईन."

"आणि नाहीच आलं तर?"

रिक्षा चढावर आली होती. रिक्षावाला उतरून ओढायला लागला, तसे मनोहरभाऊही उतरले आणि चालायला लागले. मीही उतरलो.

"सुमनचं माहेर अमरावतीचं," ते म्हणाले. पत्नीचं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. "लग्नानंतर एका दिवाळीले न्यायले गेलो. म्हणाली, आणखी चार दिवस राहू द्या. मी म्हटलं, माझ्या जेवणाचे हाल होऊन राहिले. ती आत गेली आणि पिशवी घेऊनच बाहेर आली. वाद नाही, काही नाही. मोटारीत अशीच बसली होती, पिशवीवर हात ठेवून. पुरा रस्ता."

चढ संपला. रिक्षावाला थांबला, पण मनोहरभाऊ बसले नाहीत.

"पुढच्या वर्षी मीच म्हटलं, जाऊन ये. म्हणाली, कशाले? तुमच्या जेवणाचे हाल होतात. त्याच्या पुढच्या वर्षी बी तेच. रागानं नाही म्हणत होती गा. खरंच वाटत होतं तिले. मग मी विचारणं सोडलं. माय वारली तिची, तवा गेली माहेरी."

आम्ही रिक्षाच्या बाजूने चालत राहिलो. ऊन मानेवर यायला लागलं होतं.

"आता मले येतात पोळ्या," मनोहरभाऊ समोर पाहत म्हणाले. "पातळ येतात. गोल. भाजी, वरण, सगळं येते."